ज्या पंधरवड्यात कोणी खोकलं नाही

मंडळी,

आज सकाळी साडेदहाला ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी भूपाल आण्णांच्या रक्ताचा अहवाल आम्हाला वाचून दाखवला. आम्ही तिघं होतो. आण्णांच्या पत्नी सुनंदावहिनी, आण्णांचे धाकटे भाऊ आणि मी. बाईंनी तो एकदा वाचला. मग वहिनींना नीट कळावा म्हणून साध्या शब्दांत पुन्हा सांगितला. हृदयविकार नाही. उपवासाची भोवळ नाही. रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला, आणि माणूस जाण्याइतका सापडला. भूपाल आण्णा शेडमधल्या गॅसनं गेले.

तुमच्यापैकी बहुतेक जण आज इथं हृदयविकाराच्या दुःखाला आलात, हे मला माहीत आहे. मीही काल तेवढ्याच तयारीनं होतो. चार चांगल्या आठवणी एका कागदावर लिहून ठेवल्या होत्या. तो कागद मी घरी ठेवून आलोय. तालुक्याची बातमीदारी करण्यात माझी तीस वर्षं गेली. कितीतरी शोकसभा मी मागच्या बाकावर बसून लिहून घेतल्या. आज पुढं उभं राहिल्यावर कळतंय की पहिलं वाक्य तोंडातून काढायला किती ताकद लागते. बोलताना कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

सांगलीकडचे पाहुणे आलेत. कोरेगावातली मंडळी आहेत, शेडमधल्या बाया आहेत, ज्यांचं आलं शेडमध्ये येतं ते शेतकरी आहेत. शेडचे मालक आहेत. शेडमध्ये आण्णांच्या जोडीला काम करणारे हणमंतराव तिकडं खांबाजवळ उभे आहेत. हणमंतराव, बसा हो. तुम्ही बसलात तर मला बोलायला सोपं जाईल.

भूपाल आण्णा सांगलीच्या बाजूचे. घरची उसाची शेती भावाकडं, आणि हे बारा वर्षांपूर्वी इकडं आले ते यंत्रामागं. माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत राहिले. आल्याचे काप वाळवून सुंठ करायची ही शेड तेव्हा नवी होती, आणि तिच्यात लाकडापासून गॅस करणारं यंत्र बसवलं होतं. गॅसिफायर. आपल्याकडं तो शब्द कोणी उच्चारला नाही. आपण त्याला भट्टीच म्हणालो.

जैन माणूस आल्याच्या शेडमध्ये कामाला! हणमंतरावांनी पहिल्याच दिवशी चिडवलं होतं, मी तिथं होतो.

"आण्णा, तुमी जमिनीतला कंद खात न्हाई म्हणं. आन दिवसभर आल्यात उभं ऱ्हाणार?"

"वलं आलं चालत न्हाई. सुंठ चालती."

"ह्यो कसला न्याय रं गड्या? आलं त्येच की!"

"वाळलं की गुण बदलतोय, हणमंता. म्हणून तर तुझ्या बायकूला आलं चहाला आन सुंठ बाळंतिणीला लागती."

हणमंतराव फौजेतून आलेले. ट्रक चालवून पेन्शनीत निघालेले. ते कोणाला बोलण्यात हार जात नाहीत. त्या दिवशी गेले, आणि तिथून दोघांची जोडी जमली.

आणखी एक गोष्ट हसण्यासारखी होती. आण्णा भट्टीत टाकायच्या आधी लाकडाचा प्रत्येक तुकडा फरशीवर दोनदा आपटायचे. मुंग्या निघून जाव्यात म्हणून. पोतंभर तुकडे असे आपटून आत जायचे. मालक म्हणायचे, आण्णा, घाई आहे. आण्णा म्हणायचे, मुंग्यांना बी हाय की. असा माणूस. बिडीला हात नाही, तंबाखू नाही, शब्दाला शब्द नाही. हणमंतरावांच्या बिडीवर मात्र त्यांचा डोळा. "तुझं ते धुराडं एक दिवस तुला घिऊन जाईल," असं ते रोज म्हणायचे.

ज्यांनी ती शेड आतून पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आज मला हे सांगावंच लागेल. ते सांगितल्याशिवाय आण्णा कसे गेले ते कळणार नाही, आणि ते कळलं नाही तर आपली इथली बैठक व्यर्थ आहे.

दोन पुरुष उंचीचं लोखंडी पिंप. वरून झाकण उघडून लाकडाचे तुकडे टाकायचे. मधल्या अंगाला हवा आत जायला भोकं. खाली राख पडते. एक पंखा पिंपातून गॅस ओढून घेतो आणि पलीकडं शेगडीला देतो, तिच्यावर काप वाळवायची हवा तापते. साधी गोष्ट दिसते. मी आण्णांना विचारलं होतं, चुलीत आणि यात फरक काय? त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं होतं.

"काका, चुलीत लाकूड पुरतं जळतंय. हितं आमी त्येला पुरतं जळू देत न्हाई. निम्म्यात आडवायचं. त्या निम्म्या जळण्याचा गॅस हुतोय, आन ऱ्हायलेलं निम्मं त्यो पलीकडं जाऊन जळतोय."

मग वारं किती सोडायचं, हे कसं कळतं? त्यावर ते हसले होते. म्हणाले, वारं लय झालं तर लाकूड आतच पुरतं जळून जातंय, गॅसमधी जीव ऱ्हात न्हाई. वारं कमी पडलं तर आग गार पडती आन नुसता धूर निघतोय. मधला बेत हाताला कळतोय, काका, कागदाला न्हाई.

आणि लाकूड. लाकडावर तर त्यांचा फार जीव. यंदाच्या श्रावणात आपल्या शेडला महाबळेश्वरकडून सिल्व्हर ओकच्या फांद्या आल्या. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ते लाकूड हातात घेतलं तर पाणी लागत होतं. आण्णांनी मालकांना सांगितलं, हे चालणार नाही. पण दुसरं नव्हतं आणि आलं येऊन पडलेलं. मग तेच जाळलं.

तो श्रावण शेडमधल्या सगळ्यांना आठवत असेल. ओल्या लाकडात आगीची निम्मी ताकद पाणी उकळण्यातच जायची. आग तापायचीच नाही. आणि आग तापली नाही की धुरातलं डांबर मोडत नाही. ते तसंच गॅसबरोबर बाहेर. नळ्यांना काळा चिकटा, शेगडीला पिवळा जाळ, डोळ्यांना पाणी. काप चिरणाऱ्या बाया पलीकडच्या पडवीतून ओरडायच्या, "आवं आण्णा, मिरच्या जाळताय का काय?" हणमंतराव खोकून खोकून बेजार. दर अर्ध्या तासाला दोघं पश्चिमेचा ताडपत्रीचा पडदा वर बांधायचे. पाऊस आत आला तरी चालेल, पण श्वास घेऊ दे. काप भिजले म्हणून मालक रागावले, तरी ते पडदा वर करायचे. करायचेच. धूर त्यांना बसूच देत नव्हता.

हे लक्षात ठेवा. धूर त्यांना बसू देत नव्हता.

मग श्रावण संपता संपता माण तालुक्यातली बाभूळ आली. वेडी बाभूळ. दहिवडीच्या पलीकडून, छपराखाली वर्षभर वाळलेली. आपटली की खणखण वाजायची. आण्णांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. सणासारखा होता. मला हाक मारून घेऊन गेले. "काका, या, आता गॅस बघा."

नमुन्याला थोडा गॅस सोडून ज्योत पेटवून दाखवली. निळी. तिच्यात पिवळ्याचा ठिपका नाही. आत निखारा पांढरा पडला होता. शेडमध्ये धूर नाही, वास नाही, डोळ्यांना पाणी नाही. पडवीतल्या बाया गप्प. हणमंतरावांचा खोकला दोन दिवसांत थांबला. आण्णा म्हणाले, "आता ह्येला गॅस म्हणायचं. ह्यात घाण न्हाई."

मीही मान डोलावली. खोटं बोलत नाही. ही शेड नवी असताना मी तिच्यावर चार परिच्छेद लिहिले होते, आणि बिनधुराची म्हणजे बिनधोक असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच जोडून दिलं होतं.

पडदा खाली आला. मुद्दाम कोणी सोडला नाही. तो वर बांधायचं कारणच उरलं नाही. भाद्रपदाचा पाऊस पश्चिमेकडून येत होता, काप भिजत होते, मालक दोनदा बोलले होते. पडदा खाली राहिला. एक दिवस राहिला, दोन दिवस राहिला, पंधरवडा राहिला. त्या पंधरवड्यात शेडमध्ये कोणी खोकलं नाही.

आज डॉक्टरबाईंकडून निघाल्यावर मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ओळखीच्या मास्तरांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. लाकूड, पाऊस, पडदा, ज्योत. त्यांनी पडद्याबद्दल पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "तुमचे आण्णा ज्याला चांगला गॅस म्हणत होते, त्यात कार्बन मोनॉक्साइडच जास्त असतो. म्हणूनच तो चांगला. तोच जळतो, आणि तोच मारतो. त्याला वास नाही, रंग नाही. तुम्हाला वास यायचा तो डांबराचा. लाकूड कोरडं झालं, आग तापली, डांबर गेलं. आणि विष वाढलं."

मी म्हणालो, म्हणजे वाईट गॅस बरा होता?

ते म्हणाले, "विष त्यातही होतं. पण तो ओरडून सांगत होता. हा सांगत नाही."

मंडळी, आण्णांनी काम बिघडवलं नाही. त्यांनी ते इतकं चांगलं केलं, की शेवटी त्यात सावध करणारं काही उरलं नाही. बारा वर्षं त्यांनी त्या गॅसमधली घाण काढायची धडपड केली. ती निघाली.

खुणा नव्हत्या का? होत्या. आता त्या मोजाव्या तितक्या सापडतात. पर्युषण चालू होतं. आमच्या शेजारी दहा दिवस सकाळी लवकर हालचाल असायची. आण्णांचं एकाशन. दिवसातून एकदा जेवण, तेही दुपारी घरी आल्यावर. तोवर पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगणात दिसले तेव्हा कपाळ दाबत होते. मी विचारलं, काय झालं?

"डोकं जड हुतंय, काका. शेडमधी गेलं की धरतंय, घरी आलं की उतरतंय."

मी म्हणालो, उपवास आहे.

वहिनी आतून म्हणाल्या, "उपवास न्हाई. कामाचा कंटाळा हाय ह्यांस्नी. सुट्टीला कसं डोकं दुखत न्हाई मग?"

तिघंही हसलो आम्ही. वहिनी, तुम्ही बरोबर विचारलं होतंत. सुट्टीला का दुखत नाही? तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं मी, आणि समोर आलेला एवढा नेमका प्रश्न मी हसण्यावारी नेला.

हणमंतरावांचंही डोकं दुखायचं, पण कमी. का? कारण हणमंतराव तासातासाला बिडी ओढायला शेडच्या बाहेर जायचे. भट्टीजवळ बिडी पेटवायची नाही, हा आण्णांचाच नियम. ज्याला काही व्यसन नव्हतं तो आत बसला. ज्याला होतं तो बाहेर उभा राहून मोकळी हवा घेऊन आला. हणमंतराव हे मला आज दुपारी रडत सांगत होते. "ज्या बिडीवरनं मला शिव्या दिल्या त्याच बिडीनं मला वाचिवलं, काका. ह्यो कुठला न्याय?"



आण्णा गेले त्या मंगळवारी काय झालं ते आता सांगतो. हे बाहेर निरनिराळ्या तऱ्हेनं बोललं जातंय, आणि त्यात हणमंतरावांचं नाव येतंय. म्हणून एकदा नीट ऐका.

सकाळचे साडेअकरा. पाऊस चालू. पडदा खाली. राखेची वाट तुंबली म्हणून आण्णांनी पंखा बंद केला आणि वरचं झाकण उघडलं. पंखा चालू असतो तेव्हा तो गॅस ओढून शेगडीला नेतो. पंखा बंद झाला की ओढणारं कोणी नाही. पण आत निखारा तसाच पांढरा असतो. तो काही पंख्याला विचारून थांबत नाही. गॅस होतच राहतो, आणि वाट मिळेल तिकडून बाहेर येतो. त्या दिवशी झाकणातून आला. ओल्या लाकडाच्या दिवसांत हेच झालं असतं तर काळा लोट उठला असता आणि आण्णा शिंकत बाहेर आले असते. या वेळी काही दिसलं नाही.

हणमंतराव तेव्हा बाहेर गाडीवरची पोती उतरवून घेत होते. परत आले तर आण्णा पोत्यांना टेकून बसलेले.

"आण्णा, झोप लागली व्हय?"

आण्णांनी डोळे उघडले. म्हणाले, "जरा गरगरतंय."

हणमंतराव पाण्याचा तांब्या घेऊन आले. आणि तांब्या हातात धरून उभे राहिले. कारण एकाशन होतं. आण्णा जेवणाआधी पाणी घेत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. मित्राचं व्रत मोडायचं नाही म्हणून त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि म्हणाले, पडा जरा, मी राख काढतो. डोक्याखाली रिकामं पोतं घडी करून दिलं. वाऱ्यानं पाऊस अंगावर येऊ नये म्हणून पडद्याची खालची दोरी आवळून बांधली.

दोरी आवळून बांधली, मंडळी. मायेनं बांधली.

मग त्यांचेच पाय लटपटायला लागले. त्यांना वाटलं, आण्णांकडं बघून आपण घाबरलो. बायांना हाक मारायला म्हणून ते बाहेर गेले आणि पडवीत बसकण मारली. बाया धावत आत आल्या तेव्हा आण्णा पोत्यावर डोकं ठेवून तसेच पडून होते, श्वास थांबलेला.

आता मला सांगा, यात हणमंतरावांची चूक कुठं आहे? ज्यांना वाटतं त्यांनी उठून सांगावं. उपवासाचा माणूस गरगरला तर आपण कोणीही काय केलं असतं? टेकवलं असतं. पांघरलं असतं. दार ओढून घेतलं असतं.

आणि आपण पुढं काय केलं तेही आठवा. आण्णांना घरी आणलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहिलात? गालावर लाली होती. ओठ गुलाबी. झोपल्यासारखे दिसत होते. या गर्दीतल्या किती जणांनी म्हटलं, "पर्वात गेले, व्रतात गेले, चेहऱ्यावर तेज बघा." मी म्हटलं. सांगलीच्या आत्याबाईंनी हात जोडले. वहिनींना त्याचा आधार वाटला. आज सकाळी डॉक्टरबाईंनी वहिनींचा हात हातात घेऊन सांगितलं, की ती लाली गॅसची असते. तो रक्तात शिरला की रक्त तसं दिसतं.

  वहिनी एकच वाक्य बोलल्या. ते वाक्य इथं सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. त्या म्हणाल्या, "हणमंतभावजींना सोमवारी आत जाऊ देऊ नका."

सोमवारी. होय. आता त्याच्याकडं येतो.

भट्टी सोमवारी सकाळी आठला पेटणार आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे. यंदा आल्याला सड लागली, म्हणून ज्यांनी त्यांनी वेळेआधी काढलं. सहा जणांचं आलं शेडच्या फरशीवर पडून आहे. ते सहाही जण इथं आहेत. ओलं आलं थांबत नाही. एका कोपऱ्याला सड लागली की चार दिवसांत ढीग जातो. मी ते नाकारत नाही. माझ्या मेव्हण्याचाही त्यात ढीग आहे.

मालकांशी मी दुपारी एक वाजता बोललो. मालक, तुमचं मी तुमच्यासमोरच सांगतो, चुकलं तर टोका. हवेत हा गॅस आला की ओरडणारं यंत्र त्यांनी पुण्याहून मागवलं आहे. ते गुरुवारी येईल असं सांगितलंय. झाकणावर धुराडं बसवून गॅस छपराबाहेर काढायचं काम बुधवारी व्हायचं आहे. पडदा काढून तिथं जाळी लावायची हेही त्यांना पटलंय, पण जाळी अजून मोजायची आहे. मालक नाही म्हणाले नाहीत. हे मला स्पष्ट सांगायचं आहे. ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले. फक्त सोमवार बदलायला त्यांना जमेना. म्हणाले, "शेतकऱ्यांनी सांगितलं तर थांबतो. मी माझ्या मनानं कसा थांबवू?"

आणि हणमंतराव. मी त्यांना वहिनींचा निरोप दिला. मला वाटलं होतं ते मान खाली घालतील आणि बरं म्हणतील. ते सरळ वहिनींकडं गेले. त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "वैनी, म्या न्हाई गेलो तर दुसऱ्या कुणाला तरी पाठिवतील. त्येला ह्यातलं काय बी म्हाईत नसंल. मला निदान कळलंय की कुठं बसायचं न्हाई."

वहिनी म्हणाल्या, "ह्यांस्नी तर सगळंच कळत हुतं की."



म्हणून मी आज आठवणींचा कागद आणला नाही. आण्णा किती चांगले होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या शेडमध्ये आता काय आहे, ते तुम्हाला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. मलाही आज सकाळपर्यंत नव्हतं. आता आहे. कळल्यावरची माणसं आणि कळायच्या आधीची माणसं सारखी राहत नाहीत. मंगळवारी जे झालं त्याला आपण अजाण होतो असं म्हणता येईल. सोमवारी जे होईल त्याला तसं म्हणता येणार नाही.

मला त्या सहा जणांना काही सांगायचं नाही. एक विचारायचंय. सोमवारच्या ऐवजी गुरुवार. मधले तीन दिवस. आलं पडवीत पसरून, सडका भाग चिरून काढून, बायांना हाताशी घेऊन तीन दिवस काढता येतील का? सगळं वाचणार नाही. काही जाईल, आणि किती जाईल ते मला सांगता येणार नाही. उत्तर आत्ता इथं देऊ नका. शोकसभेत माणूस हो म्हणतो आणि घरी जाऊन ढीग बघितला की विचार बदलतो. घरी जा, ढीग बघा, आणि मग उद्या मालकांना सांगा. प्रत्येकानं आपापलं सांगा. दुसरा काय म्हणतो ते विचारत बसू नका. सहाही जण एकमेकांची वाट बघत बसलात तर सोमवार उजाडेल.

बाकीच्यांना एक विनंती. आण्णांनी या बाभळीचं कौतुक गावोगाव केलं होतं. सांगलीकडं हळद शिजवणाऱ्या ओळखीच्या लोकांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, की माणची बाभूळ घाला, गॅस सोन्यासारखा येतो. त्यांनी ती घातली आहे. आलेल्या पाहुण्यांनी आजच परतताना तिथं थांबून जावं. त्यांना इतकंच सांगा, की शेडमध्ये गेल्यावर डोकं दुखत असेल आणि घरी गेल्यावर थांबत असेल, तर ते डोक्याचं दुखणं नाही. आणि कोणी भट्टीजवळ गरगरून बसला तर त्याला पाणी नंतर पाजा. आधी ओढून बाहेर उघड्यावर आणा. आत जाणाऱ्यानं श्वास रोखून जावं, एकट्यानं जाऊ नये. डॉक्टरबाईंनी हे दोनदा सांगितलं. मीही दोनदा सांगतो. आधी बाहेर आणा.

माझं संपत आलं.

भूपाल, बारा वर्षं शेजारी राहिलास. माझ्या अंगणातली वाळवी मारायला माणूस आला तर तू दार लावून आत बसायचास, तुला बघवायचं नाही. तुझ्या हातून कोणाला इजा झाली नाही. आता तुझ्या मागं तुझा गॅस राहिलाय, आणि तो सांभाळायचं काम तू आमच्यावर न सांगता टाकून गेलास. आम्ही ते करू असं मी तुला या सगळ्यांच्या वतीनं सांगू शकत नाही. त्यांनी अजून मला तसं सांगितलेलं नाही.

आता उभे राहूया. दोन मिनिटं. या दोन मिनिटांत आण्णांना आठवा, आणि खांबाजवळ जे उभे आहेत त्यांच्याकडंही एकदा बघा. ते अजून बसलेले नाहीत.

यानंतर काय होणार ते बातमीदाराच्या सवयीनं सांगून थांबतो. पोलीस अहवालाची प्रत सोमवारी दुपारी नेतील. कारखाने तपासणारे अधिकारी बुधवारी येतील असा निरोप आहे. भट्टी त्याच्या आधी, सोमवारी सकाळी आठला पेटेल. उद्या संध्याकाळपासून तीन दिवस पावसाचा अंदाज आहे. तो पश्चिमेकडूनच येईल. काप भिजायला लागतील, आणि जो कोणी त्या वेळी शेडमध्ये असेल, तो उठून पडदा सोडायला जाईल.

उभे राहूया.